मुलीसाठी शोधलेलं हॉटेल

सोमवार, ५ मे

बिल आधी आलं, जेवण नंतर. इतक्या वर्षांच्या फिरतीत हे पहिल्यांदाच पाहिलं. वेटरला म्हटलं, अहो, आम्ही अजून काही खाल्लेलं नाही. त्यानं बिल उचललं, टेबल पुसलं, बिल परत होतं तिथे ठेवलं आणि गेला. तोंडातून एक अक्षर नाही. भरघोस मिशा, वय माझ्याएवढं. त्याचं नाव आम्ही मौनीबाबा ठेवलं. म्हणजे मी ठेवलं, मुलगी हसली. हसली हे महत्त्वाचं.

हॉटेल मीच शोधून काढलंय. मुलगी व्हीगन आहे — दूध, दही, तूप, अंडं, मध, काही चालत नाही. गेल्या वर्षी तिच्या आईनं फोनवर सांगितलं होतं. 'विसरू नकोस,' असंही म्हणाली होती. आमचा संसार मोडल्यापासून मुलीबद्दल मला लक्षात ठेवायला सांगितलेली ही एकच गोष्ट. ती कशी विसरेन? या गावात आठवडाभर लिफ्ट तपासायचं काम आहे, मुलीच्या सुट्टीतला माझ्या वाटणीचा आठवडाही हाच, म्हणून तिला बरोबर आणलं. आधी हॉटेल शोधलं, मग त्याच्या समोरचं लॉज घेतलं.

भोपळ्याचं सूप मागवलं. त्यातून भोपळा नुसताच पोहून गेला असावा. मग फ्लॉवरचा स्टेक — म्हणजे फ्लॉवरचा जाड काप, एका बाजूनं करपलेला, दुसऱ्या बाजूनं कच्चा. सरासरी काढली तर शिजलेला.

'कसं आहे?' विचारलं.

'छान आहे, बाबा.'

सोळा वर्षांच्या मुलीनं इतकं सभ्य असू नये.

तिच्या आईची परदेशात बदली झालीय. मुलगी तिच्याबरोबर जाणार की इथे माझ्याकडे राहून शिकणार, हे मुलीनं ठरवायचं आहे. निघताना आई म्हणाली, 'तू विषय काढू नकोस. ती स्वतः सांगेल.' म्हणजे अजून ठरायचंय. म्हणजे या आठवड्यावर मला मार्क मिळणार! आणि पेपर सुरू झाला तो या सुपानं.

मंगळवार, ६ मे

नाश्त्याला जवसाची खीर. रंग सिमेंटचा, गुणही तेच. चमचा उभा राहिला.

मालकीणबाई प्रत्येक टेबलापाशी येऊन पदार्थ समजावून सांगतात. आवाज इतका मऊ की रागवायची सोय नाही. मी म्हटलं, मीठ जरा कमी आहे. तर म्हणाल्या, 'मीठ जिभेला खोटं बोलायला शिकवतं.' मी मान डोलावली. मुलगी खिडकीबाहेर बघत होती, पण खांदे हलत होते.

दिवसभर काम. जुनी ऑफिसांची इमारत, लिफ्टचे दोर बरे आहेत, दारं वाईट. दुपारी तिथल्या कँटीनमध्ये दुधाचा चहा प्यायलो. दोन कप. साखर घालून. मग चूळ भरली आणि मुलीला जेवायला न्यायला गेलो. या वयात चोरून चहा प्यायची वेळ यावी!

ती अर्धं ताट ठेवते. भूक नाही म्हणते. माझ्याबरोबर असताना भूक लागत नाही की काय, हा विचार आला. तो इथेच ठेवतो.

बुधवार, ७ मे

बीट. दोन्ही वेळा.

गुरुवार, ८ मे

आज मुलगी कामावर आली. आपणहून म्हणाली, 'मी येऊ का तुझ्याबरोबर?' वर मशीनच्या खोलीत नेलं. ग्रीसचा वास, मोटारीची घरघर, पायाखाली जाळी. तिला वाटलं होतं लिफ्ट म्हणजे पेटी आणि बटणं. मी चाक दाखवलं, दोर दाखवले, दुसऱ्या टोकाला पेटीच्या तोलाचं वजन असतं ते दाखवलं.

'दोर तुटला तर?'

'बाकीचे धरतात. सगळे तुटले तरी पेटीखालची चिमटी रूळ पकडते. पडत नाही.'

'मग तू रोज तपासतोस काय?'

'बहुतेक दारंच. लोक दारांपाशी अडकतात.'

ती खूप वेळ त्या चाकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'हे तू मला कधी दाखवलं नव्हतंस.' तक्रार नव्हती. मी पाना पुसत राहिलो. माझ्या जागी कुणी शहाणा माणूस असता तर काहीतरी बोलला असता.

आणि एवढ्या चांगल्या सकाळवर त्या हॉटेलनं पाणी फिरवलं. ताटकळत बसलो, मग मसुराचे गोळे आले. गार. माझा मधून फोडला तर आत बर्फ. मौनीबाबाला दाखवलं, त्यानं वाकून पाहिलं, खरंच बर्फ आहे याची खात्री करून घेतली आणि निघून गेला. मग माझा तोल गेला. मालकीणबाईंना बोलावलं. म्हटलं, बाई, प्राण्यांवर दया करता, माणसांचं काय?

आख्खं हॉटेल वळून बघायला लागलं. त्या शांतपणे म्हणाल्या, 'तुमच्या मुलीला विचारा. तिनं तर संपवलंय.'

खरंच, तिचं ताट रिकामं होतं. आज पहिल्यांदाच. 'मला आवडलं,' ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

घरचीच फितूर झाली. पण आता वाटतंय, मी ओरडणार हे दिसताच तिनं ते बर्फाचे गोळे भराभर गिळले असतील. हॉटेलात आवाज चढवणारा बाप कुणाला हवा असतो?

शुक्रवार, ९ मे

तिच्या आईचा फोन. 'बोलली का?' नाही म्हटलं. 'बरं. बोलेल,' म्हणाली. 

मग मीच बोललो. विषय काढला नाही, फक्त कडेकडेनं गेलो. म्हटलं, घरी मी तुझ्यासाठी वेगळी भांडी घेऊन ठेवलीत. ओटच्या दुधाची पाकिटं आणलीत. सोयाचं दही लावायलाही शिकलोय, दोनदा फसलं, तिसऱ्यांदा जमलं. तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आनंद दिसेल असं वाटलं होतं.

'एवढं कशाला केलंस, बाबा?' म्हणाली आणि तिच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. नळ बराच वेळ चालू होता.

झालं. उत्तर कळलं मला. सांगायला जड जातंय तिला, एवढंच. संध्याकाळी तरी जेवायला गेलो. काजूचं चीज. चव व्हाइटवॉशची. दोघांनीही छान आहे म्हटलं.

शनिवार, १० मे

मौनीबाबा बोलला!

आम्ही नाश्त्याला बसलो होतो. त्यानं दुसऱ्या टेबलाचा रस आमच्यापुढे ठेवला, आणि मुलीकडे वाकून, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाला, 'ताई, परवा तुम्ही विचारलं होतं ना, आमलेट कुठे मिळेल. मागच्या गल्लीत. आज उघडं आहे.'

आणि गेला. आठवडाभरात एक गोष्ट नीट लक्षात ठेवली त्यानं, आणि ती ही!

मुलगी लाल. मी म्हटलं, 'कुणासाठी आमलेट?'

'माझ्यासाठी.'

'तू तर —'

'सोडलं, बाबा. थंडीतच सोडलं. चक्कर यायची, डॉक्टर ओरडले. आणि खरं सांगू, कंटाळाही आला होता.'

'आईला माहीत आहे?'

'हो.'

'मग मलाच का नाही सांगितलंस? मी हे सगळं... आपण हे बीट का खातोय?'

तिनं रसाचा ग्लास पुढे सरकवला, मागे घेतला. मग हळूच म्हणाली, 'तू फोन केलास की पहिलं तेच विचारायचास. जेवणाचं नीट होतंय ना, कुणी दूधबिध घालत नाही ना. मग सोयाबद्दल काय वाचलंस ते सांगायचास. दहा-दहा मिनिटं बोलायचो आपण. त्याआधी कसं असायचं आठवतंय? बरी आहेस, बरी आहे, ठेवतो. सांगितलं असतं तर परत तेच झालं असतं.'

मी म्हटलं, 'मीसुद्धा रोज कँटीनमध्ये दुधाचा चहा पितोय.'

'माहीत आहे. वास येतो.'

मागच्या गल्लीत गेलो. तिनं दोन आमलेटं खाल्ली, मग माझ्यातलं अर्धं. तिला हिरवी मिरची जास्त लागते. कधीपासून, विचारलं. 'लहानपणापासून.' मग ती बोलतच सुटली — तिची मैत्रीण, गणिताच्या बाई, पोहायचं सोडलं ते का, रात्री पाय कसे दुखतात. मी खात होतो आणि ऐकत होतो. कामावर उशिरा पोचलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

वाटतंय, राहील ती माझ्याकडे. लिहायला नको, पण वाटतंय.

रविवार, ११ मे

परतीच्या गाडीत तिनं सांगितलं. आईबरोबर जातेय. ठरून महिना झाला, तिकिटंसुद्धा काढलीत. हा आठवडा माझ्या वाटणीचा नव्हताच. मैत्रिणींची सहल सोडून तिनं तो आईकडे मागून घेतला होता. मी परीक्षा देत होतो आणि ती निरोप घ्यायला आली होती.

निघायला त्यांना अजून थोडे दिवस आहेत. साहेबांना त्यांच्या घरी फोन करून रजा मागितली. म्हणाले, अचानक? कशासाठी?

जेवायला, म्हटलं.