शनिवारी न धुतलेला ट्रॅक्टर

ओबरहाइडिंगन,
सोमवार, २२ मे

ती. रोझविटाताईस,

गेब्हार्टचा वाकून नमस्कार (गुडघा वाकू देतो तेवढाच). तुझा खांदा आता कसा आहे? हार्टमूट भावोजींचं पित्त शमलं का, की अजून ते मासळी खाऊन वर पावाला दोष देतात? तुमच्या ब्रेमेनला सारखा पाऊस असतो असं ऐकतो. आमच्याकडं डोंगरावर नुसता वारा आहे आणि सगळ्यांच्या वाळत घातलेल्या चादरी एकमेकांच्या अंगणात जातात. ट्रुडे बरी आहे. फक्त केकच्या भांड्यावरून ती माझ्याशी जरा फटकून वागते, त्याचं कारण पुढं येईल. बाबांना शनिवारी एक्क्याण्णव पूर्ण झाली. तुझा फोन आला तेव्हा ट्रुडेनं तुला सांगितलं की बाबा न्हाणीघरात आहेत. ते खरंच होतं. पण मीही तिथंच होतो, आणि आम्ही दोघं तिथं काय करत होतो हे सांगायला हे पत्र लिहितोय. फोनवर बोलता येणार नाही, कारण फोन बाबांच्या खोलीला लागून आहे आणि मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना ऐकूही जास्त यायला लागलंय.

त्या मोतीबिंदूपासूनच सुरुवात करायला हवी. तुला माहीतच आहे, एकोणनव्वदाव्या वर्षी बाबांनी शेडमधला जुना बुलडॉग ट्रॅक्टर एकट्यानं सुरू करायचा घाट घातला होता. ब्लोलँप पेटवून इंजिनाच्या नाकाखाली लावला (ते तापल्याशिवाय सुरूच होत नाही) आणि मग कशाला तरी आत गेले (कशाला ते आठवत नाही म्हणतात). शेडच्या खिडकीचा पडदा जळाला, चिमण्यांचं घरटं जळालं, शेड थोडक्यात वाचली. तेव्हा मी ठरवलं की हे यंत्र घरात नको. आणि ठरवलं ते ठरवलं, पण बाबांना सांगायची हिंमत झाली नाही. ते डोळ्याच्या ऑपरेशनला गेले तेव्हा तीन दिवसांत ट्रॅक्टर विकून मोकळा झालो. म्हणजे नव्या डोळ्यांनी घरी येऊन बाबांनी पहिलं काय पाहिलं असेल, तर रिकामी शेड. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात दोन वर्षं झाली असती. तुला मी फोनवर ‘बाबा हल्ली कमी बोलतात’ एवढंच सांगत आलो, कारण लाज वाटत होती. जेवायला एकाच टेबलाशी बसायचं, मीठ माझ्या कोपराशी, आणि बाबा ट्रुडेला म्हणणार, तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ सरकव. मी सरकवायचो. ट्रुडेला म्हणायचे, तुझ्या नवऱ्याला सांग, या आठवड्यात झाडायची पाळी त्याची आहे आणि फुटपाथचा कोपरा राहिलाय. मी कोपरा झाडून यायचो. ताई, या वयात दुसरं काही नको होतं. एकदा त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकायचं होतं, आणि एक्क्याण्णवाव्या वर्षी माणूस किती थांबणार ही भीती रोज होती.

म्हणून त्यांच्या वाढदिवसासाठी मॉडेल. सोळापट लहान बुलडॉग, सुट्या भागांचा, खोक्यात एकशे ब्याऐंशी तुकडे, आणि आपल्या बुलडॉगला जे नव्हतं ते सगळं त्यात होतं. जोडायला सहा आठवडे लागले. मी समजत होतो की झालं काम. पण मॉडेलच्या क्लबातला ओटमार (पोस्टातून निवृत्त झालेला, चष्म्यावर चष्मा लावणारा) म्हणाला की हे खेळणं झालं, आता याला मळवायला हवं. मळवणं हा त्यांचा धर्मच आहे. गंज, चिखल, तेलाचे ओघळ, उडालेला रंग, सगळं रंगानं आणि पूड चोळून असं चढवायचं की वस्तू चाळीस वर्षं राबल्यासारखी दिसावी. आणि त्यात ओटमारचा एकच नियम आहे, प्रत्येक डागाला कारण पाहिजे. हा नियम ऐकला आणि मी वाया गेलो. कारण कारण शोधायचं म्हटलं की मला भूक लागत नाही. आधी चिखल. दुकानात मिळणारी चिखलाची पूड तपकिरी, आणि आपल्या डोंगरावरची माती कुठं तपकिरी आहे? ती चुनखडीची, फिकट, ओली झाली तरी राखाडीच. मग मी वरच्या शेताच्या बांधावरची माती आणली, ट्रुडेच्या चहाच्या गाळणीतून गाळली आणि जंतू मरावेत म्हणून तिच्या केकच्या भांड्यात घालून भट्टीत भाजली. रविवारच्या केकमध्ये दोन-तीन खडे लागले. बाबांनी एक खडा जिभेवर फिरवून बशीत काढला, बघितला, आणि ट्रुडेला म्हणाले, तुझ्या नवऱ्याला सांग, ही वरच्या शेतातली आहे. (एक्क्याण्णवाव्या वर्षी चवीवरून शेत ओळखतात. मला अभिमान वाटला, ट्रुडेला वाटला नाही.)

रंग उडालेल्या जागांसाठी तिच्या केसांचा स्प्रे वापरला. गंजाच्या रंगावर स्प्रे मारायचा, त्यावर निळा रंग, आणि मग ओल्या ब्रशनं खरवडलं की निळा सुटतो आणि खालचा गंज दिसतो. पण कुठं खरवडायचं? माझ्याकडं फोटो होते, पण सगळे समोरून, आणि प्रत्येकात बाबा ट्रॅक्टरपुढं उभे. शेवटी ज्यांना विकला त्यांच्याकडं गेलो. डॉक्टर श्टेगमायर, दातांचे. भला माणूस आहे. बुलडॉग त्यांनी गॅरेजमध्ये कार्पेटवर ठेवलाय आणि एक डागही पुसलेला नाही, कारण त्यांच्या मते जुनेपणाला हात लावणं हे पाप. मी तीन शनिवार तिथं जमिनीवर पडून होतो. काय काय सापडलं म्हणून सांगू. डाव्या पायरीचे लोखंडी दाते झिजून चांदीसारखे झालेत आणि उजवी पायरी कोरी आहे, म्हणजे साठ वर्षांत बाबा एकदाही उजवीकडून चढले नाहीत. बॉनेटवर एक गोल पांढरा डाग आहे, आईच्या निळ्या कपाएवढा (मी कप नेऊन ठेवून पाहिला, बरोबर बसतो). आणि मागच्या डाव्या मडगार्डला तो पोचा.

तो पोचा, ताई. ७७ सालचा. मी सतरा वर्षांचा, शनिवारी बुलडॉग शेडमध्ये लावला, सोमवारी सकाळी पोचा दिसला, बाबांनी विचारलं शेवटी कोणी चालवला, आणि सूप पिता पिता तू म्हणालीस, गेब्हार्टनं. त्यानंतर मी शेडच्या दारावर आपटलेला गेब्हार्ट. माझ्या लग्नात भाषणात पोचा होता. तू दर नाताळात फोनवर विचारतेस, काय रे, दार शाबूत आहे ना? आणि खरी गंमत ही की मलाही वाटत होतं मीच केला असेल. पण प्रत्येक डागाला कारण पाहिजे ना. मी मॉडेलचं मडगार्ड मेणबत्तीवर तापवून चमच्यानं दाबत होतो आणि माझ्या लक्षात आलं की चमचा मागून लावावा लागतोय. शेडमध्ये मी पुढं तोंड करून शिरलो होतो. पुढं जाणाऱ्या ट्रॅक्टरला पोचा मागून कसा येईल? मी पुन्हा डॉक्टरांकडं गेलो. त्यांनाही उत्सुकता वाटली आणि त्यांनी दात बघायचा तो छोटा आरसा आणि दिवा आणला. पोच्याच्या घडीत, गंजाखाली, लाल रंगाचा ठिपका. आपल्या चाकांचा लाल विटकरी आहे. हा भडक लाल. हल्ली माझ्याकडं लाल रंगाच्या अकरा छटा आहेत, त्यामुळं मला फसवणं अवघड झालंय.

आता आपल्या भागात एवढा भडक लाल रंग कशाला देतात, सांग? मी शेजारच्या गावी, उंटरहाइडिंगनला गेलो. त्यांचा जुना आगीचा पंप अजून पंपघरात आहे, दर उत्सवाला बाहेर काढतात. त्याच्या कडेला एक खोक आहे. जमिनीपासून एकशे बारा सेंटिमीटर. आपल्या मडगार्डचा पोचा एकशे बारा. मग बाकी सगळं आपोआप जुळलं. त्या रविवारी त्यांच्या आगवाल्यांचा उत्सव होता, बाबा गायकमंडळाबरोबर दुसऱ्या गावी गेलेले, आणि तुला नाचायला जायचं होतं. तू बुलडॉग काढलास. तिथून परत निघताना इंजिन सुरू करायला स्टिअरिंगचं चाक काढून बाजूच्या मोठ्या चाकात खुपसून झोका दिलास, तसाच जसा तू नेहमी द्यायचीस, अर्धवट. या इंजिनाला पुढं-मागं कळत नाही. झोका चुकला की ते उलटं फिरायला लागतं, आणि मग पुढचा गिअर टाकला की ट्रॅक्टर मागं जातो. तू पहिला गिअर टाकलास आणि दिमाखात मागं जाऊन पंपावर आदळलीस. आणि पंपाची राखण त्या दिवशी कोणाकडं होती, ते मी त्यांच्या जुन्या वहीत पाहिलं. हार्टमूट भावोजी! म्हणजे चर्चच्या गायनात तुमची ओळख झाली ही सगळी कथाच का? की धडक आधी आणि गायन नंतर? मला राग आलेला नाही गं, मला फक्त कळायला हवंय. भावोजी तुला रागावले होते, की लगेच नाचायला घेऊन गेले?

असो. शनिवारी वाढदिवस. रुबार्बचा केक (नव्या भांड्यात). मी मॉडेल आणून बाबांसमोर ठेवलं. पाच महिन्यांची माती, गंज, ओघळ, कपाचा डाग, पोचा, सगळं जागच्या जागी. ओटमार म्हणाला होता की वर वॉर्निश दे, पण वॉर्निशनं चिखल चमकतो म्हणून मी दिलं नव्हतं. बाबांनी चष्मा लावला. फिरवून फिरवून बघितलं. डावी पायरी बघितली, मग उजवी. बाबा म्हणाले, “ट्रुडे, तुझ्या नवऱ्याला...” आणि थांबले. मग माझ्याकडं बघितलं.

“गेब्हार्ट, आज वार कुठला?”

“शनिवार, बाबा.”

“मग हा असा का उभा आहे?”

ताई, तुला आठवतं ना, दर शनिवारी तीन वाजता बादली आणि ब्रश, आणि बुलडॉग लख्ख झाल्याशिवाय कोणाला कॉफी नाही? आपल्या अख्ख्या गल्लीत तेवढा एकच ट्रॅक्टर होता ज्याच्या टायरच्या खाचेतसुद्धा माती सापडायची नाही. गुडघे गेल्यावर त्यांनी धुणं सोडलं आणि त्यानंतरच तो गंजला. मी पाच महिने खपून विकायच्या दिवशीचा ट्रॅक्टर बनवला होता, आणि त्यांचा ट्रॅक्टर असा कधी नव्हताच. एवढ्या चौकशा केल्या, पण हे कारण काही मी शोधलं नाही.

आम्ही न्हाणीघरात गेलो. बाबा स्टुलावर, मांडीवर टॉवेल, कोमट पाण्याचं घंगाळ, दाढीचा ब्रश. मी ट्रॅक्टर धरला, त्यांनी धुतला. पाणी राखाडी झालं. काजळी मी चुकीच्या बाजूला लावली होती असं म्हणाले, टायर उलटे बसवलेत म्हणाले, साठ साली बर्फात गाडी अडकली होती ते सांगितलं, आईनं त्यांना कप बॉनेटवर ठेवायला किती वेळा मनाई केली ते सांगितलं. त्याच वेळी तुझा फोन आला होता. मग त्यांचा अंगठा पोच्यावर आला. म्हणाले, ही तुझी करामत, डोळे कुठं होते तेव्हा? मी तोंड उघडलं. एकशे बारा सेंटिमीटर जिभेवर होतं, लाल रंग होता, वही होती. आणि मी म्हणालो, “चुकलं माझं, बाबा. तुम्हाला विचारायला हवं होतं.” पोच्याबद्दल बोलताना ‘विचारायला हवं होतं’ कोण म्हणतं? पण बोलून गेलो. बाबा बराच वेळ मडगार्ड पुसत राहिले. मग म्हणाले, “चुकलंच होतं,” आणि टॉवेल माझ्या हातात दिला.

चिखल सगळा गेला. गंज मात्र रंगाचा असल्यानं हटत नाही, तो पुढच्या शनिवारी घासू असं ठरलंय. ओटमारला अजून सांगितलेलं नाही. भावोजींना नमस्कार, खांद्याला गरम पाण्याची पिशवी लावत जा.

तुझा धाकटा,
गेब्हार्ट

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. शेहेचाळीस वर्षं झाली, आता बाबांना खरं काय ते सांगून टाक. येत्या नाताळात दोघं या, पोचा तुझा होता हे जेवताना सगळ्यांसमोर कबूल कर. भावोजी साक्षीला आहेतच. एवढं माझं काम कर.

ता. क. २. शनिवार, २७ मे. पाकिटाला तिकीट लावायचं राहिलं म्हणून पत्र घरीच होतं, ते बरं झालं. आज तीन वाजता बाबांनी स्वतः हाक मारली. गंज घासता घासता अर्धा तास मला फैलावर घेतलं, शेडचं दार केवढं मोठं आणि तरी मी आपटलो कसा यावरून. मी चार वेळा चुकलं म्हणालो आणि चारही वेळा त्यांनी ते ऐकून घेतलं. ताई, मी कशाबद्दल चुकलं म्हणतो ते त्यांना कळतं, आणि त्यांना कळतं हे मलाही कळतं, पण आमच्या दोघांत बोलायला हा पोचाच आहे. तो तू घेऊन गेलीस तर मी कशाची माफी मागत बसू? तेव्हा वरची ता. क. फाडून टाक. कबूल करू नकोस, भावोजींनाही तोंड उघडू देऊ नकोस. नाताळात ये मात्र नक्की, आणि दार शाबूत आहे का ते या वर्षी फोनवर न विचारता बाबांच्या समोर विचार. जरा मोठ्यानं विचार.