विहिरीतली गारगोटी

हरसूल,
८ डिसेंबर

प्रिय भारतभाऊजी,

सप्रेम नमस्कार. इकडे नागली निघाली, आईंच्या गुडघ्याची सूजही जरा उतरलीय. इंदिरानगरला दीपमालाची तब्येत कशी आहे? फोनवर तुम्ही विहिरीचा विषय हसण्यावारी नेता, शिवाय तुमचे दादा कान देऊन असतात, म्हणून लिहितेय.

परवा बचत गटाच्या बायकांबरोबर जुन्या डाक बंगल्यात गेले होते. इंग्रजांच्या वेळच्या त्या कौलारू खोल्यांत सध्या दगडांचं प्रदर्शन लागलंय. आत अंधार, गारवा, आणि काचेच्या पेट्यांत दिवे. शेवटच्या पेटीत हिरवट गारगोटी होती. थेट तसलीच, जी तुमचे दादा आपल्या जुन्या विहिरीच्या कपारीतून काढतात आणि तुम्ही व्यापाऱ्याला नेऊन देता. मी तिथंच वाकून बघत राहिले.

प्रदर्शनाच्या मॅडम जवळ आल्या. म्हणाल्या, "ही खडकाच्या पोकळीत सापडते. पण वर तांबड्या मातीचा थर असला आणि त्याला ओल लागली, तर छत एकदम खाली येतं." मग माझ्याकडे बघून, "तुमच्याकडे कुणी उतरतं का असं?"

"नाही," मी म्हटलं. गटातल्या बायका ऐकत होत्या.

घरी येऊन तुमच्या दादांना सांगितलं. "एका दिवसात लय शिकून आली!" म्हणत हसले आणि जेवत राहिले. त्यांची पँट धुवायला घेतली, तर गुडघ्यांना ओली तांबडी माती.

तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी बजावलंय. तरी लिहिते. काल दुपारी मी विहिरीच्या काठावरून हाक मारली, "वर या, आईंना चक्कर आली!" साफ खोटं. ते धापा टाकत वर आले, घराकडे वळले, आणि मागे आवाज झाला. फार मोठा नाही, पोतं टाकल्यासारखा. वाकून बघितलं तर कपार नव्हतीच. नुसते दगड आणि तांबडा चिखल.

रात्री ते ताटावरून अर्धवट उठले. मला वाटलं, सुटलो बाई.

आज सकाळी तुमचा फोन आला, व्यापाऱ्याला मोठा तुकडा हवाय म्हणून. कालचं त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही. "बघतो," एवढंच म्हणाले, आणि दुपारी नवा दोर घेऊन आले. पलीकडच्या बाजूनं आत शिरता येईल म्हणतात. मी जाऊन बघितलं, तिकडूनही तांबडं पाणी झिरपतंय.

माझं खोटं आता चालायचं नाही. तुमचं ते ऐकतील. व्यापाऱ्याला नाही म्हणून सांगा, आणि स्वतः या. गावातल्या लहानूची जीप आत्ता नाशिकला निघतेय, तो हे पत्र तुमच्या दारात आणून देईल.

उद्या उन्हं वर आली की ते उतरणार. ते उतरले तर त्यांच्यामागून मीही उतरणार आहे. आईंना हे सांगितलेलं नाही.

आलात की घराकडे वळू नका, आधी विहिरीवर या.

तुमची वहिनी,
शुभांगी