सिकंदराबादेतल्या नाचाची चौकशी

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

मोंढा, परभणी
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सन १३४७ फसली

तीर्थरूप मल्लम्मा अक्का आणि शिवाप्पा भावजी यांच्या चरणी धाकट्या शिवरुद्राचे शरणु. गुरुकृपेने आम्ही इकडे सर्व जण ठीक. भावजींचा गुडघा कसा आहे? मी दिलेलं तेल लावताय की देवळीत ठेवून त्याला नमस्कार करताय, ते कळवावं. तुझा खोकला, काळी म्हैस आणि ताडकळसच्या बाजारातली तूर, तिन्हींची खबर पाठवावी. चि. नीलम्मा हे पत्र तुम्हाला वाचून दाखवत असेलच, कारण तुम्हा दोघांपैकी एकाचीही अक्षराशी ओळख नाही. तिला आशीर्वाद. (नीले, इथून पुढं तुझ्याच लग्नाचा विषय आहे. तरी जे लिहिलंय तेच वाच. आमच्याकडे शाळेला होतीस तेव्हा नको ती ओळ आली की खोकायची तुझी सवय मी विसरलेलो नाही.)

तर अक्का, ज्या कामाला मला धाडलंस ते झालं. बन्सीधर आडत्यानं हैदराबादेहून येऊन मोंढ्याच्या बाजारात बातमी सोडली होती, की पोखर्णीच्या कल्याणरावाला, म्हणजे आपण नीलम्मासाठी धरलेल्या मुलाला, सिकंदराबादेत दर शनिवारी परक्या बायांच्या कमरेला हात लावून टँगो नावाचा नाच करताना पाहिलंय. पोरगा रेल्वेच्या कचेरीत नोकरीला, घरचे लोक आपल्यासारखेच कापसाच्या आडतीतले, आणि मध्येच हे! तू लगेच निरोप धाडलास, "नाच्या पोरगा नको आमाला. झरीचं स्थळ बरं. दोन इहिरी हायत." झरीच्या त्या बिजवराला विहिरी दोन आहेत हे खरं, पण पहिल्या बायकोची पोरंही विहिरीवर रांग लावतील इतकी आहेत, हे तू सोयीनं विसरलीस. मी म्हणालो, थांब. ढिगात हात घालून बघितल्याशिवाय मी कापसाचा भाव बोलत नाही, ही तर माझी भाची आहे. तू म्हणालीस, पौर्णिमेपर्यंत थांबते, मग झरीला होकाराचा नारळ देते. त्यामुळं मला घाई करावी लागली, आणि पुढं जे झालं त्यातलं निम्मं त्या घाईमुळं झालं.

हैदराबादेत मी मठात उतरलो. पोराच्या बिऱ्हाडी जाऊन विचारण्यात अर्थ नव्हता. चौकशीला आलेल्या माणसाला कुणी चहाबरोबर आपले अवगुण आणून देत नाही. त्याला नाचताना बघायचं तर नाचाची जागा सापडायला हवी. मठाच्या कारभाऱ्यांना विचारलं, तर त्यांनी माझ्या कपाळावरचं भस्म नीट बघितलं आणि पूजेची घंटा वाजवली. मग टांगेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "सेठ, देखने का होना कि सुनने का?" मी म्हणालो, करने का. त्यानं मागं वळून माझ्याकडे इतका वेळ बघितलं की घोडा आपणहून थांबला. आपल्या मुलखात नाच म्हणजे दुसऱ्यानं करायचा आणि आपण बघायचा. बाप्या-बायांनी जोडीजोडीनं स्वतः नाचायचं आणि त्यासाठी वर तिकीट काढायचं, हे त्या भल्या माणसाला समजावता समजावता चारमिनार मागं पडला. शेवटी त्यानं मला एका माडीपाशी सोडलं. वर सारंगी चालली होती. मी गैरसमज झाल्याचं सांगेपर्यंत हातात विडा आला होता, आणि उठून जाणं बरं दिसेना म्हणून दोन गजला ऐकल्या. (नीले, हे वाक्य वाचलंस तरी चालेल. गजला चांगल्या होत्या.)

दुसऱ्या दिवशी हुसेनसागराच्या बांधावरून सिकंदराबादेत गेलो. तिथं छावणीच्या बाजूला असले नाच होतात असं कळलं होतं, पण कुठं ते एकजण एक सांगे, दुसरा दुसरं. एका क्लबाच्या दारावरच्या शिपायानं लांब काळा कोट, धोतर, खांद्यावर उपरणं आणि कपाळावर भस्म असा माझा अवतार बघून मोठ्या अदबीनं सलाम केला आणि मागच्या दारानं आत नेलं. तिथं कळलं की त्या संध्याकाळी त्यांनी जादूगार बोलावला होता. दुसऱ्या ठिकाणी नाच बंद होऊन तिथं फर्निचरचं दुकान निघालं होतं. तिसरं एक हॉटेल सापडलं, तिथं दर शनिवारी टँगो आणि रुंबा असतो, आणि पोखर्णीचा पोरगाही येतो, असं त्यांच्या माळ्यानं सांगितलं. पण दरवान म्हणाला, पायात बूट, अंगात पाटलोण, आणि मुख्य म्हणजे बरोबर बाई पाहिजे. एकट्या पुरुषाला सोडत नाहीत. मी म्हणालो, बाई आहे, पण ती परभणीला वाती वळत बसलीय. तो म्हणाला, तिला घेऊन या.

आता सिद्धम्माला रेल्वेनं बोलावून मी काय सांगणार होतो? अखेर त्याच माळ्यानं पिंटो मास्तरांचा पत्ता दिला. हे गोव्याचे, हॉटेलात फिडल वाजवतात आणि एका बेकरीच्या वर नाच शिकवतात. मास्तर सज्जन. म्हणाले, माझी थोरली बहीण तुमच्याबरोबर येईल, पण आधी पाय शिका, तिला ओशाळं करू नका. मग बेकरीच्या माडीवर पावाच्या वासात माझं शिक्षण सुरू झालं. टँगो म्हणजे चालायचं, थांबायचं, आणि मागून सावकारानं हाक मारल्यासारखी मान वळवायची. रुंब्यात पाय थोडे आणि कंबर फार. मी कंबर हलवायला नकार दिला. मास्तरांनी माझ्या हातात बाई म्हणून एक वेताची खुर्ची दिली होती. खुर्चीबरोबर माझं चांगलं जमलं. खुर्ची काही बोलत नाही आणि तिला बोटं नसतात. त्या दुसऱ्या गोष्टीचं महत्त्व मला तेव्हा कळलं नाही.

शनिवार आला. मास्तरांची पाटलोण मला घोट्याच्या वर राहिली. उपरणं काढा म्हणून ते दोनदा म्हणाले, पण मी काढलं नाही. लग्न झाल्यापासून मी उपरण्याशिवाय चारचौघांत गेलेलो नाही. मिस पिंटो माझ्याच वयाच्या, भारदस्त बाई. आत दिवे, बाजा, गुळगुळीत फरशी. लांब कोपऱ्यात कल्याणराव एका जाड पारशी बाईबरोबर नाचत होता. बन्सीधर खोटं बोलत नव्हता तर! अशा वेळी चुपचाप खांबाआड बसावं, पण दरवानाचे डोळे माझ्यावर, म्हणून मिस पिंटोंचा हात हातात घेतला आणि चालू लागलो.

अक्का, तीस वर्षं माझ्या हातात परका हात येतो तो एकाच कामासाठी. मोंढ्यात उपरण्याखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबायची, तोंडानं अवाक्षर न बोलता कापसाचा भाव सांगायचा. माझं लक्ष त्या पोराकडे होतं. खांद्यावरचं उपरणं आमच्या दोघांच्या हातांवर कधी येऊन पडलं, मला खरोखर ठाऊक नाही. सवयीनं मी बाईंची तीन बोटं दाबली. त्यांनी हात ओढून घेतला. आता मोंढ्यात हात ओढला म्हणजे भाव परवडला नाही. मी लगेच हात परत धरला आणि भाव चढवला. त्या किंचाळल्या. मी आणखी चढवला.

बाजा थांबला. सगळे लोक माझ्याकडे बघायला लागले. दरवान बाह्या सरसावत निघाला, आणि त्याच्या आधी गर्दीतून कल्याणराव आला. मी मनात म्हणालो, झालं. हा आता ओळख दाखवणार नाही. एवढ्या बड्या लोकांत घोट्याच्या वर पाटलोण घातलेला खेडवळ आडत्या आपला होणारा मामेसासरा आहे, हे कोण कबूल करील? पण त्यानं तिथंच, भर फरशीवर, वाकून माझ्या पायाला हात लावला. म्हणाला, "शरणु मामा. तुमी सौदा करायलात का हितं?" लांबून उपरणं बघूनच म्हणे त्यानं ओळखलं की हा आपल्याच मुलखाचा माणूस, आणि पोखर्णीच्या बैठकीत त्यानं मला पाहिलं होतंच. मग त्यानं मिस पिंटोंना इंग्रजीत समजावलं, की यात वाईट काही नाही, आमच्याकडे कापसाचा भाव असा सांगतात. बाईंनी विचारलं, कसला भाव लावला माझा? पोरगा म्हणाला, या सालातला सगळ्यात चढा. त्या इतक्या हसल्या की दरवानही हसला. अक्का, मला त्या क्षणी रडू आलं. मी ते शिंकेवर घातलं.

नंतर लिंबाचं सरबत पीत आम्ही बाहेर बसलो. त्यानंही सरबतच घेतलं, मी वास घेऊन बघितला. ती पारशी बाई त्याच्या कचेरीतल्या साहेबाची बायको, त्या जोडप्याबरोबर येतो म्हणून दरवान त्याला सोडतो, हेही कळलं. कपाळावर भस्म होतं, घामानं पुसट झालेलं. मी सरळ विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, "आठ दिवस मालाच्या पावत्या लिहून लिहून अंग आंबून जातंय, मामा. पोखर्णीला लेझीम तरी होतं. हितं लेझीम कुठं हुडकू? हे गावलं, म्हणून हे." लपवत का नाहीस, विचारलं, तर म्हणाला, "लपवून काय करू? मुलीला सांगा की. लग्न झाल्यावर कळन्यापरीस आधीच कळू द्या."

तेव्हा अक्का, माझं मत असं. पोरगा नाचतो. आणि आपल्या माणसाला चारचौघांत ओळखतो. झरीवाल्यानं मागच्या बाजारात मला ओळखलं नव्हतं, कारण त्याच्याबरोबर तहसीलचा पेशकार होता. तू आता काय ते ठरव, पण झरीला नारळ देण्याआधी हे पत्र नीलम्माकडून एकदा परत वाचून घे. थोरांना शरणु, लहानांना आशीर्वाद, म्हशीला पेंड.

तुझा धाकटा,
शिवरुद्र

ता. क. उत्तर लौकर धाडावं. नेहमीप्रमाणे नीलम्माकडून लिहून घेऊन खाली तुझा अंगठा करावा.

ता. क. सिद्धम्मानं विचारलं, एवढे दिवस काय शिकून आलात ते दाखवा. स्वयंपाकघरात तिचा हात धरला, तर इथंही माझी बोटं आपोआप दाबली गेली. ती आडत्याचीच मुलगी. तिनं उलट दाबून भाव पाडला.

ता. क. नीले, आता खोक. अक्का पाणी आणायला उठेल, तेवढ्यात हे मनातल्या मनात वाच. मी निघालो त्या दिवशी दारात तू हळूच म्हणाली होतीस, "मामा, नाचतो का न्हाई ते बगू नका. नाचताना बाईच्या पायावर पाय देतो का, तेवढं बगून या." मी तेव्हा हसलो होतो. सरबत झाल्यावर मात्र मी मुद्दाम परत आत जाऊन बसलो आणि सगळा वेळ फरशीकडे बघत होतो. देत नाही. त्या पारशी बाईनंच त्याच्या पायावर पाय दिला, तर त्यानं काही न बोलता आपलं पाऊल आखूड केलं. दुसरं असं, की निघताना त्यानं मला एकच विचारलं, मुलीच्या मनात आहे का? मी म्हणालो, विचारून कळवतो. अक्काचा होकार आला तरी तुझ्याच अक्षरात येणार आणि नकार आला तरी तुझ्याच. इथं बसून मला कसं कळावं, कोण बोलतंय? म्हणून अक्काचा अंगठा झाला की त्याच्या शेजारी, तुझ्या मनात असेल तरच, आपलं एक बोट शाईत बुडवून उमटव. नसेल तर उमटवू नकोस. मी झरीलाही नाही म्हणून सांगेन आणि पोखर्णीलाही, आणि अक्काला काय सांगायचं ते माझं मी बघीन. सौदा उपरण्याखाली झाला तरी बोट ज्याचं त्यानंच दाबायचं असतं.