पिल्लं उडेपर्यंत

३ मार्च

सकाळी माळी दारात, हातात कात्री. चिरंजिवांनी पाठवलेला — फोनवरून! घर बघायला माणसं येणार, तर कुंपण नीट दिसायला हवं म्हणे. मी घर विकायला हो कधी म्हटलं? "बघू" म्हटलं होतं. त्यावर ह्याने गिऱ्हाईकच बघितलं.

हे गेल्यापासून कुंपणाला कुणी हात लावलेला नाही. माझ्या खांद्याला आलंय. माळ्याने पहिली फांदी धरली आणि आतून बुलबुल भर्रकन उडाला. वाकून पाहिलं — वाटीएवढं घरटं, तीन अंडी.

"आज नको कापायला."

"अहो बाई, ते बांधतील दुसरीकडे. त्यांना काय डिपॉझिट भरायचंय?"

चहा पाजून परत पाठवला.

४ मार्च

वाचनालयातून पक्ष्यांचं पुस्तक आणलं. लिहिलंय: कुंपणाची छाटणी विणीचा हंगाम सरल्यावर करावी. आधीच करायची तर लांबून बघावं, चोचीत काडी-किडा घेऊन कोण आत जातंय. घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबावं.

ह्यांनी हे वाचलेलं नव्हतं, पण करायचे हेच. खुर्ची टाकून अर्धी सकाळ कुंपणाकडे बघत बसायचे. घरटं दिसलं की तिथे चिंधी बांधायचे, तेवढं सोडून बाकीचं कापायचे. सगळं कुंपण सरळ आणि मध्येच एक झिपरं! जसं न्हाव्याला मध्येच कुणी हाक मारली. मी हसायचे. चारचौघांत जरा जास्तच.

पुस्तकात एक शब्द अडला. पूर्वी हाक मारून ह्यांना विचारायचे. येत नसला तरी ठासून काहीतरी सांगायचे. आज नुसती पुढे वाचत गेले.

८ मार्च

चिरंजिवांचा फोन. "आई, कुंपण झालं?"

"अंडी आहेत."

"कसली अंडी?"

सांगितलं. मग म्हणतो, "अजून किती दिवस?" जशी मीच उबवायला बसलेय! पुस्तकात पाहून कळवते म्हटलं. पुस्तक हातातच होतं.

मागून सूनबाई — "आईंना सांगा, इकडेही पक्षी आहेत." आहेत ना. नवव्या मजल्यावर कबुतरं आहेत.

९ मार्च

माळी रस्त्यात भेटला. "काय बाई, झालं का बाळंतपण?" मेला!

१५ मार्च

पिल्लं बाहेर आली. लांबूनच पाहिलं. नुसत्या उघड्या चोची. चिरंजिवांना कळवलं, आता तर कात्री लावताच येणार नाही. आवाज होईल तेवढा दुःखी ठेवला.

पुस्तक म्हणतं, तीच जोडी त्याच हंगामात पुन्हा घरटं करू शकते. त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. वाचनालयाचं पुस्तक — तरी ओढली.

२३ मार्च

आली माणसं. चिरंजीव पुढे, नवरा-बायको मागे. मी दारातच सुरू केलं — कुंपण हे असं वाढलेलं, आत घरटं, कापता येत नाही, घरात अंधार येतो, डास येतात...

बाई थबकली. चक्क चपला काढून चवड्यांवर कुंपणाशी गेली. "अहो, या ना इकडे! हळू!" दोघंही तोंडं उघडी टाकून बघत राहिली. पिल्लांत आणि त्यांच्यात फार फरक नव्हता.

आतलं घर उरकल्यासारखं पाहिलं. मोरीतली ओल मी मुद्दाम दाखवली. पोपडे हाताने सोलून दाखवले. छे!

"मावशी, आम्ही कुंपणाला हातसुद्धा लावणार नाही. पिल्लं उडेपर्यंत थांबतो की! घर पसंत आहे आम्हाला."

निघताना चिरंजीव कानाशी येऊन म्हणतात, "आई, भारी युक्ती केलीस हं!"

कपाळाला हात लावायचा राहिला. त्यात चहाचा ट्रे होता.

२८ मार्च

पिल्लं उडाली. तिसरं बराच वेळ फांदीवर अंग फुगवून बसलं होतं. मग तेही गेलं.

२९ मार्च

चिरंजिवांचा फोन. "आता काही अडचण नाही ना?"

"आहे. घर विकायचं नाही."

"आता काय? पुन्हा अंडी?"

"नाही रे. घरटं रिकामं आहे. मला इथे राहायचंय."