उसनी थरथर

४ नोव्हेंबर, सोमवार
मिळाली! म्हाताऱ्याची भूमिका मलाच. सिद्धू टपून बसला होता, पण आमचे दिग्दर्शक शिवयोगी सर म्हणाले, अजिनाथच करेल. आजवर इन्स्पेक्टर नाहीतर नायिकेचा भाऊ. आता पहिल्यांदा स्पर्धेचं अख्खं नाटक माझ्या खांद्यावर. कंपवाताने खचलेला माणूस उभा करायचाय. शोधत फिरायला नको – आमचे वळसंगचे धोंडीरामकाका डोळ्यांसमोर आहेत. शेवटी शेवटी उजवा हात सारखा हलायचा, पाय घासत चालायचे. तसेच्या तसे उचलतो.

७ नोव्हेंबर
हात जमला! शाळेच्या हॉलमध्ये तालीम. सर म्हणाले, हात शंभर नंबरी. आणि लगेच – आवाज कुठं गेला, मागच्या रांगेला पत्र पाठवणार का? माझा आवाज? गड्ड्याच्या जत्रेत माईक लागायचा नाही मला! थंडी पडलीय, घसा धरला असणार. ज्येष्ठमध आणला.

११ नोव्हेंबर
पूनमने अबोला धरलाय. म्हणे, महिनाभर मी तिच्याकडे रागाने बघतोय. कसला राग? भाकरी झकास झाली म्हणालो, तर म्हणे टोमणा मारला. मग खरंच चिडलो. बायको झाली म्हणून काय झालं!

१५ नोव्हेंबर
डोकं फिरलंय. तिसऱ्या अंकात नात घरी परत येते आणि म्हातारा हसतो. सरांनी तेवढाच तुकडा परत परत करून घेतला. "हस की रे! दगड झालाय तोंडाचा."
मी हसतच होतो. पोटातून हसत होतो, शपथ! सिद्धूने मान खाली घातली. खुशीत असणार लेकाचा. निघताना सरांनी बाजूला घेतलं. आठवडाभर बघतो म्हणाले, नाहीतर सिद्धूला उभं करावं लागेल. ही भूमिका गेली तर या वयात दुसरी कोण देतंय मला?

१६ नोव्हेंबर
दार लावून आरशासमोर बसलो. राग, भीती, लाज, हसू – एकेक करून बघितलं. आत सगळं येतंय. आरशातला माणूस नुसता बघत बसतो. आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला.

२० नोव्हेंबर
सरांनीच तोड काढली. नात आली तरी म्हाताऱ्याने हसायचं नाही, नुसतं बघायचं. तालमीत बघणारे म्हणाले, काय संयम आहे! भूमिका वाचली. मला मात्र बरं वाटलं नाही. मी काहीच करत नव्हतो.

२३ नोव्हेंबर, शनिवार
प्रयोग झाला! नाट्यगृह भरलेलं. नात आली आणि लोक रडायला लागले. सरांनी मिठी मारली, म्हणाले, अभिनयाचं बक्षीस तुझंच. सिद्धू पाया पडला.
दाढी चिकटवताना स्पिरिट गमचा वास मात्र अजिबात आला नाही. तो वास आला की मला प्रयोग सुरू झाल्यासारखा वाटतो. सर्दी असेल.
धोंडीरामकाकांची बायको, बजाकाकू, मुद्दाम वळसंगहून आली होती. सगळे रंगपटात आले, ती आली नाही. बाहेर पायरीवर बसून होती. काकांची आठवण आली असेल. रात्री आमच्याकडेच मुक्काम केला.

२४ नोव्हेंबर
सकाळी काकूला स्टँडवर सोडलं. राहवलं नाही, विचारलं – काकांचा हात जमला का?
"हाताचं सोंग हुतं, ते कळालं मला. तोंडाचं सोंग न्हाय, अजिनाथा. तुज्या काकाचं पैलं हसूच गेलं. हात लई मागनं हलाय लागला. मला वाटायचं माज्यावर रागावलाय. वरीसभर भांडले की मी त्येच्यासंगं."
तिला खिडकीपाशी जागा मिळाली. एसटी हलली तसा मी हात केला. हसलो पण. मला तरी वाटतं, हसलो.