कुबडीचं तोंड

३ जुलै १९७४, शिरूर
मुसळातून कोरलेली बाई पूर्ण. टोकाच्या लोखंडी कड्याची, वसवीची, हनुवटी छान आली. अक्काला आता कांडायला मुसळ नाही, शेजारून मागून आणते. मोठी बहीण असावी तर अशी, भांडत नाही. पण पुण्याच्या प्रदर्शनाला हे पुरायचं नाही. नवं लाकूड मुकं. अंगाला घासून घासून झिजलेलं काहीतरी हवं.

५ जुलै
सापडलं. अक्काची कुबडी!
बैलगाडीखाली पाय गेला त्या वर्षी आमच्या वडिलांनी, आबांनी, स्वतः केलेली, बाभळीची. वीस वर्षं तिच्या काखेत. आडव्या दांडीला मधोमध खोल खाच पडलीय. उघडं तोंडच ते. शेजारचा भाग झिजला नाही, तिथून नाक निघेल. दिवसभर वर्गात पोरांना आंबा काढायला लावला अन् मी वहीत तोंड काढत बसलो.

७ जुलै
खोटं बोललो. ‘‘कुबडी खिळखिळी झालीय. दौंडला रेल्वेत ओळखीचा सुतार आहे, दुरुस्त करून आणतो.’’
‘‘व्हय का? आन् तवर मी कशी चालू?’’
‘‘भिंतीला धरून.’’
हसली. हसली म्हणून उलट रागच आला.

१२ जुलै
शाळेच्या मागच्या खोलीत काम. नाक निघालं. खाचेला हात लावला नाही, ती तिनंच कोरलीय. इतकं चांगलं मी आजवर काही केलं नाही.
घरी रोज तेच. ‘‘दौंडवरनं आली का रं?’’ परसात बसून सरकत जाते. लुगडं मातीनं भरतं. बघवत नाही, म्हणून उशिरा घरी जातो.

१६ जुलै
धोंडू सुताराकडून नवी करून घेतली. मापाला जुनी मागत होता. कशी दाखवणार? गावभर झालं असतं. नजरेनं माप सांगितलं. चित्रकलेचा मास्तर ना मी!
चार बोटं आखूड.
धोंडू म्हणाला, ‘‘मास्तर, लाकूड तासता येतंय, वाढवता न्हाई येत.’’ दुसरी करायला त्याला सवड नाही म्हणे. अक्का वाकून वाकून चालते. ‘‘हुईल सवय,’’ म्हणाली.

२१ जुलै
नळावर पडली. खुबा सुजलाय. डॉक्टर म्हणतात, उठायचं नाही.
ती पडली तेव्हा मी तिची कुबडी गोणपाटात गुंडाळून पुण्याच्या एस.टी.त चढवत होतो. शरम वाटली. पण गाडी सुटली तेव्हा कुबडी पुण्याला निघाल्याचाच आनंद होता, हेही खरं.

१८ ऑगस्ट
पहिलं बक्षीस! शिल्पाभोवती गर्दी. एक बाई तोंडाला पदर लावून उभी होती. परीक्षकांनी विचारलं, चेहरा कुणाचा? म्हटलं, कल्पनेतला.
आता शिल्प मुंबईच्या प्रदर्शनाला जाणार. तोवर गोणपाटात गुंडाळून घरी आणलंय. परवा प्रदर्शनवाल्यांची गाडी येईल.

१९ ऑगस्ट
शाळेतून आलो तर गोणपाट सुटलेलं. अक्का भिंतीला टेकून बसलेली, कुबडी मांडीवर. खाचेत बोट फिरवत होती. त्यावरूनच ओळखली असणार. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
‘‘ह्ये माझं तोंड व्हय?’’
‘‘हो.’’
‘‘मी कवा रं एवढी वरडले?’’
मग भिंतीला धरून उठली. खुब्यातून कळ आली असणार, ओठ चावला. कुबडी काखेत घेतली. दोन पावलं चालली. दीड महिन्यात पहिल्यांदा सरळ उभी होती.
‘‘उंची बराबर हाय. नाक तेवढं काखंत टोचतंय. तासून दे.’’
म्हटलं, उद्या गाडी येणार आहे, मुंबईला न्यायला.
‘‘मग आजच तास.’’
पटाशीला धार लावून अर्धा तास झाला. वही घेऊन बसलोय. मला नाक तासायचं नाही. ती समोर उभीच आहे, बसत नाही. तिला वाचता येत नाही.
‘‘माप लिव्हतोस का?’’ तिनं विचारलं.
हो म्हणालो.