डावी कळी

४ तारीख, सोमवार

ती. सौ. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली. पंचवीसला दाखल व्हायचं, सव्वीसला ऑपरेशन, हे आईला दोनदा वाचून दाखवलं. हृदयाची झडप बदलतात म्हणजे काय करतात, तेही तू लिहिलंस तसं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाली की आधी देवीला विचारू. देवीने हो म्हटलं तर ती येईल, नाही म्हटलं तर कुणी पुन्हा तो विषय काढायचा नाही.

आता घोडं इथे अडलंय, कारण कौल लावणारा पुजारी मीच. बावीस वर्षं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतोय. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माझ्या हातच्या कौलावर लोकांनी लग्नं ठरवली आणि मोडलीही. पण घरातलं काही मी कधी विचारलं नाही, बाबांची तशी सक्त ताकीद होती. आईला त्याची आठवण दिली, तर म्हणते विचारणारी मी आहे, तू फक्त कळ्या चिकटव.

तिचे पाय सुजलेत. देवळाच्या सतरा पायऱ्या चढताना तीनदा बसते आणि वर मला सांगते की ती दमली नाही, ऊन बघत होती. फोन करू नकोस. ती शेजारी बसून सगळं ऐकते, आणि कान मात्र तिचे अजून शाबूत आहेत.

लोभ आहेच, जमला तर थोडा धीरही पाठव.

तुझा,
धाकटा


८ तारीख, शुक्रवार

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वीस वर्षं मी या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या कात्र्या-चिमटे उकळून देते, म्हणून डॉक्टरांनी माझ्या शब्दाखातर तारीख दिली. आईचे कागद बघून ते मला बाजूला घेऊन गेले आणि म्हणाले की असं ठेवलं तर वर्ष निघणं कठीण आहे. तुझ्या बायकोला हे सांग, आईला सांगू नकोस.

आता नीट वाच. लहानपणी त्या कळ्या मीच तोडून आणायचे. ओला देठ दगडाला धरून राहतो आणि सुका लगेच सुटतो, हे मला कुणी शिकवायला नको. डावी चांगली भिजव, उजवीचा देठ सोवळ्याला पूस. एवढंच करायचंय. पाप लागणार असेल तर माझ्या नावावर टाक, मी बघून घेईन. आणि फार साळसूदपणा करू नकोस. पाचवीत प्रगतिपुस्तकावर बाबांची सही ठोकलीस, तेव्हा तुझा हात जराही थरथरला नव्हता.

कळ्या कधी लावणार ते लगेच कळव. इथे माझा जीव टांगणीला लागलाय. मुलांना लाड सांग.

तुझी,
ताई


१२ तारीख, मंगळवार

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सही बाबांची होती म्हणून ठोकली. ही सही देवीची आहे.

मागच्या वर्षी एक गवंडी आला होता. मुलीचं लग्न ठरलेलं, पत्रिका छापलेल्या. डावी पडली. तो माणूस तिथेच खांबाला टेकून बसला, आणि घरी जाऊन त्याने लग्न मोडलं. अजून दर आठवड्याला येतो, मला नमस्कार करतो. उद्या मी आईसाठी हात फिरवला, तर त्याच्यासाठी का नाही फिरवला, याचं उत्तर मी त्याला काय देऊ? तू मला म्हणतेस एवढंच करायचंय. ताई, माझ्याकडे एवढंच आहे.

आणि आई तुझी एकटीची असल्यासारखं लिहू नकोस. रोज सकाळी तिची धाप मी ऐकतो. भिंतीच्या अलीकडे मी असतो, तू नसतेस. फार बोललो, राग मानू नकोस.

शुक्रवारी सकाळच्या पूजेनंतर कौल लावायचं ठरलंय. तू ज्याला मानत असशील त्याला हात जोड.

तुझा,
धाकटा


१५ तारीख, शुक्रवार

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

डावी पडली.

सगळं सांगतो. पूजा आटोपून मी गाभाऱ्याचा पंखा बंद केला, वाऱ्याची झुळूक नको म्हणून दारही ओढून घेतलं. आईला पाटावर बसवलं. एकाच फांदीवरच्या दोन सारख्या कळ्या घेतल्या. प्रश्न पुजाऱ्याने मोठ्याने म्हणायचा असतो. परक्यांचे प्रश्न मी हजारदा म्हटलेत, पण आज तोंडातून शब्द फुटेना. आईने बघितलं आणि म्हणाली राहू दे, मी मनातल्या मनात विचारते.

तुझ्यापासून लपवत नाही. उजवीचा देठ मी सोवळ्याला पुसला होता. मग मूर्तीकडे बघवेना, म्हणून तो पुन्हा पाण्यात बुडवला आणि दोन्ही सारख्या लावल्या. पाऊण तास काही हललं नाही. आईच्या श्वासाचा तेवढा आवाज येत होता. मग डावी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली. आईने हात जोडले, खडीसाखर तोंडात टाकली आणि म्हणाली चल, पायऱ्यांवरून मला धर.

आता काय करू ते मला सुचत नाही. तूच सांग.

तुझा,
धाकटा


१८ तारीख, सोमवार

धाकट्या,

या वेळी आशीर्वाद लिहायला हात होत नाही. आहेत, ते तुला ठाऊक आहे.

तारीख मी सोडलेली नाही. बावीसला दुपारपर्यंत डॉक्टरांना सांगायचंय. तोवर आईच्या पाया पड, रड, उपाशी बस, काय वाटेल ते कर. देठ पुसला होतास. तो तसाच लावला असतास तर आज मी आईची खाट मांडत असते. तुझा खरेपणा तुला लखलाभ. उद्या तिचं काही बरंवाईट झालं, तर तो खरेपणा तिच्या उशाशी नेऊन ठेव.

ताई


२० तारीख, बुधवार

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आई येतेय. हे पोचायच्या आत फोनवर तुला कळलं असेलच, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आज दुपारी मी देवीचे दिवे घासत बसलो होतो. तुझं पत्र सकाळीच आलेलं, त्यामुळे डोकं जागेवर नव्हतं. आई जवळ येऊन बसली आणि म्हणाली की बॅग माळ्यावरून काढ. मला कळेचना. मग तिने सांगितलं की तिने मनात विचारलं होतं, ऑपरेशन न करता इथेच राहू का? त्यावर देवी नाही म्हणाली. आणि मी गाढव पाच दिवस उलटा अर्थ लावून बसलो. इतके दिवस बोलली का नाहीस म्हणून चिडलो, तर म्हणते तू विचारलंसच कुठे.

ताई, मी तिथेच बसून पोरासारखा रडलो. देवीही राहिली आणि आईही राहिली. चोवीसला निघतो. तू लिहिलंस ते सगळं मी विसरलो, तूही विसर.

तुझाच,
धाकटा


२१ तारीख, गुरुवार

चि. सौ. ताईस,
आईचे अनेक आशीर्वाद.

उशा रचून टेकून लिहितेय, अक्षर वाकडं आलं तरी वाच. हे पत्र धाकट्याला दाखवू नकोस.

मी उलटं काही विचारलं नव्हतं. सरळच विचारलं होतं, की कापून घेऊ का. ती नाही म्हणाली. मला बरंच वाटलं होतं गं, खोटं कशाला बोलू. सुटले असं वाटलं.

पण त्याने देठ पुसलेला मी पाहिला, आणि पुन्हा बुडवलेलाही पाहिला. तेव्हापासून तो ताटावर नुसता बसून उठतो. परवा आरतीच्या मधेच शब्द विसरला. तुझं पत्र त्याने तेलाच्या डब्याखाली दडवलं होतं, ते मी वाचलं. इतकं कडू लिहायला तू कुणाकडून शिकलीस? माझ्याकडूनच असेल. मी इथे आरामात मरेन आणि तुम्ही दोघं जन्मभर एकमेकांचं तोंड बघणार नाही, हे मला स्पष्ट दिसलं.

कुणीतरी खोटं बोलायला हवंच होतं. त्याला रोज तिच्यासमोर उभं राहायचंय, म्हणून मी बोलले. चाळीस वर्षांत तिचा शब्द मी पहिल्यांदाच मोडतेय. भीती वाटते का म्हणून विचारू नकोस. खूप वाटते. मला आत नेतील तेव्हा दाराशी उभी राहा, एवढंच कर.

मी घरी परत आले तर हे पत्र चुलीत टाक. नाही आले तर त्याला वाचायला दे. देवीने नाही म्हटलं होतं आणि आईने ऐकलं नाही, हे त्याला कळलं पाहिजे. नाहीतर देवीनेच फसवलं असं समजून तो पुन्हा गाभाऱ्यात पाऊल ठेवणार नाही.

तुम्हां दोघांची,
आई